करडांची प्रथिनं मोजायची ती सुक्या वजनावर

ऊसतोड सुरू झाली की कोल्हापूरकडे वाड्याला, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या हिरव्या पाल्याला, तोटा नाही. भारे गोठ्यात येऊन पडतात आणि करडंही त्यावरच वाढतील असं आपण धरून चालतो. माझी पहिली करडं मी अशीच वाढवली. पोटं माठासारखी, केस राठ, पाठीवरून हात फिरवला की मणका न् मणका बोटाला लागायचा. जो तो जंताचं औषध पाजा म्हणाला. पाजलं, काही फरक पडला नाही. कमी होती ती प्रथिनांची.

दूध पिणाऱ्या करडाच्या खुराकात (भरडा-पेंडीच्या मिश्रणात) 18 ते 20 टक्के प्रथिनं असावीत. दूध तुटल्यावर सहा-सात महिन्यांपर्यंत एकूण आहारात 14 ते 16 टक्के. करडू पोत्याच्या झोळीत घालून काट्याला टांगा, वजन लिहून ठेवा.

सगळे चुकतात ते पुढच्या हिशेबात, मीही चुकलो. टक्के ओल्या चाऱ्यावर धरायचे नसतात. एक किलो वाडं कापून कडक उन्हात वाळवा आणि पुन्हा तोला. पाव किलोच्या थोडं वर भरेल, बाकी सगळं पाणी. त्या सुक्या वाड्यातही प्रथिनं जेमतेम 5 टक्के. 15 किलोचं करडू दिवसाला साधारण 600 ग्रॅम सुकं खातं, म्हणजे 14 टक्क्यांनी त्याला 84 ग्रॅम प्रथिनं हवीत. दोन किलो हिरवं वाडं खाऊन त्याचं पोट टम्म फुगतं, पण अंगी लागतात 28 ग्रॅम. करडू उपाशी दिसत नाही, म्हणूनच ही चूक महिनोन् महिने कळत नाही.

तेव्हा असं मांडा: एक किलो हिरवा शेवरीचा पाला (सुमारे 55 ग्रॅम प्रथिनं), दीडशे ग्रॅम खुराक (25 च्या आसपास) आणि वर अर्धा किलो वाडं. 84 गाठले जातात. बांधावर शेवरी लावा, पेंडीचा खर्च कमी होतो. सुबाभूळही चालते, पण एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त नको, तिच्यातल्या मिमोसीनमुळे केस गळतात.

दहा किलो खुराकाला मक्याचा भरडा साडेचार किलो, शेंगपेंड (भुईमुगाची पेंड) 2 किलो 200 ग्रॅम, गव्हाचा भुसा (कोंडा) तीन किलो, खनिज मिश्रण 200 ग्रॅम, मीठ 100 ग्रॅम. कालवा, झालं.

शेंगपेंड मात्र हातात कुस्करून वास घेतल्याशिवाय घेऊ नका. राधानगरी-गगनबावड्याच्या पावसात ती बुरशी धरते, आणि ते विष उन्हात वाळवून जात नाही. कुबट पोतं सरळ परत करा.

खुराक 30 ग्रॅमपासून सुरू करा आणि दहा-बारा दिवसांत वाढवत न्या. ‘पेंड दाबून घाला, आठवड्यात फरक दिसेल’ असं मला एका दुकानदारानं सांगितलं होतं. मी एकदम ओंजळभर घातली. तिसऱ्या दिवशी दोन करडांना हगवण लागली, त्यातलं एक वाचलं नाही. अचानक वाढवलेल्या खुराकानं आंत्रविषार होतो, त्याची लस आधी टोचून घ्या. युरिया लावलेला चारा आणि कच्चं सोयाबीन करडांपुढे ठेवूच नका. त्यांचं कोठीपोट (रवंथाचं मोठं पोट) अजून तयार झालेलं नसतं.

दर पंधरा दिवसांनी तोला. महिन्याला दोन किलोही वाढ नसेल तर आधी जंतांसाठी लेंडी तपासून घ्या, मगच पेंडीला हात लावा.