जुनी कात्रणं पिवळी पडतायत? मग या चुका टाळा

आमच्याकडे 1 मे 1960 चा पेपर होता, महाराष्ट्र राज्य झालं त्या दिवशीचा, आजोबांनी गिरगावातल्या खोलीत ट्रंकेच्या तळाशी जपलेला. तो टिकावा म्हणून मी काय केलं, तर दादरला नेऊन लॅमिनेट करून आणला. ही सगळ्यात मोठी चूक, कारण ती आता उलटवता येत नाही.

आधी पेपर पिवळा का पडतो ते बघू. झाडाला ताठ उभं ठेवतं ते लिग्निन, लाकडात ते साधारण 20 ते 30 टक्के असतं. पेपरचा स्वस्त कागद लाकूड यंत्रात दळून करतात त्यामुळे लिग्निन सगळं आतच राहतं, आणि चांगल्या कागदाचा लगदा रसायनांत शिजवून ते बरंचसं काढून टाकतात. लिग्निनला उजेड आणि हवा लागली की पिवळे-तपकिरी रंग तयार होतात, सोबत आम्लही, आणि ते आम्ल कागदाचे धागे तोडत जातं म्हणून जुना पेपर घडीवर पापडासारखा मोडतो. म्हणजे बिघाड कागदाच्या आतच आहे. लॅमिनेशनमध्ये मशीनची उष्णता लागते, गोंद कायमचा चिकटतो, आणि आम्ल आतल्या आत कोंडलं जातं!

दुसरी चूक मुंबईत घरोघरी होते. पावसाळा संपला की ट्रंकेतले कागद कुबट वास येतो म्हणून गच्चीत वाळवणासारखे कडक उन्हात टाकायचे. वास जातो हो, पण लिग्निनला ऊन म्हणजे विषच. खिडकीत राहिलेला पेपर थोड्याच दिवसांत कसा पिवळा पडतो ते आठवा. सावलीत, पंख्याखाली सुटे पसरा, तेवढं पुरतं.

हॉलमध्ये फ्रेम करून लावायचंच असेल तर कलर झेरॉक्स लावा, मूळ कागद अंधारात राहू दे.

चांगल्या पुस्तकात कात्रण ठेवू नका, आम्ल शेजारच्या पानांत उतरतं आणि तिथे कात्रणाच्या आकाराचा तपकिरी डाग पडतो. सेलोटेप तर अजिबात नको. खोकीसुद्धा बघून घ्या, किराण्याचा पुठ्ठ्याचा बॉक्स बहुतेकदा तसल्याच लिग्निनवाल्या कागदाचा असतो. आम्लमुक्त कागदाचं पाकीट सगळ्यात बरं, आणि डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, आपल्याकडच्या दमट हवेत बुरशी धरायला वेळ लागत नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलंत आणि आत ओल राहिली तर मग संपलंच.

ब्लीचने पांढरा करायच्या भानगडीत पडू नका, आधीच कमजोर झालेले धागे आणखी कमजोर होतील.

आणि घडी कडक झाली असेल तर जोर लावून उघडू नका, दिसतंय तेवढ्याचा आधी फोटो काढा, मोबाईलवर चालेल पण फ्लॅश बंद करून, आणि मगच कागद जुन्या कागदांचं जतन करणाऱ्या जाणकाराकडे न्या. माझ्याकडे त्या 1960 च्या पेपरचा लॅमिनेशनच्या आधीचा एकही फोटो नाही.