भाकरीच्या घासावर जबड्याची चाल कशी तपासावी

चावताना जबडा केवळ वर-खाली होतो असा आपला समज असतो. पण तसे असते तर ज्वारीच्या शिळ्या भाकरीचा कडक पापुद्रा दाढांखाली नुसता दबला असता, त्याचा भुगा झाला नसता. दळणासाठी जात्याला फेरी लागते तशी ती दाढांनाही लागते. फरक एवढाच, की जात्यात वरचा दगड फिरतो आणि तोंडात खालचा जबडा. ही फेरी आपल्याच बोटांना जाणवते. त्यासाठी आरसा आणि भाकरीचा एक तुकडा पुरेसा आहे.

आरशासमोर ताठ बसावे आणि दोन्ही तर्जनी कानाच्या छिद्रांच्या अगदी पुढे हलकेच टेकवाव्यात. तोंड सावकाश उघडताना पहिल्या 20 ते 25 मिलिमीटरपर्यंत तिथला हाडाचा गोलसर उंचवटा मुख्यतः जागच्या जागी फिरतो. त्यानंतर तो पुढे आणि खाली घसरतो व बोटाखाली खळगा पडतो. कवटी आणि हा उंचवटा यांच्यामध्ये एक चिवट चकती असते. ती जागेवरून निसटली, तर तोंड उघडताना 'कट' असा आवाज येऊ शकतो.

आता भाकरीचा तुकडा उजव्या दाढांखाली घ्यावा. खालचा जबडा आधी खाली येतो, मग किंचित उजवीकडे झुकतो आणि वर येताना पुन्हा मध्याकडे वळतो, म्हणजे हनुवटी हवेत साधारण थेंबाचा आकार काढते. घास उजवीकडे असला तरी अधिक सरकणारा उंचवटा डाव्या कानापुढचा असतो. उजवा बहुतांशी जागीच फिरतो. मला या तपासणीतला सर्वांत मोलाचा भाग हाच वाटतो. माझी एक दाढ किडली होती, तेव्हा कित्येक महिने मी एकाच बाजूने चावत होतो आणि बोटे अशी टेकवेपर्यंत ते माझ्या ध्यानातही आले नव्हते.

जोराचे गणित अडकित्त्यावरून कळते. सुपारी बिजागरीजवळ सरकवली की ती सहज फुटते. तसेच दाढा सांध्याजवळ असल्यामुळे फुटाणे त्यांच्याखाली लवकर फुटतात. मात्र अडकित्त्यात जोर टोकाला लावला जातो, तर जबड्यात गालाचा आणि कानशिलाचा स्नायू सांधा व दात यांच्या मधल्या भागातच ओढतात. दात घट्ट मिटून कानशिलावर हात ठेवल्यास हा ताण हाताला लागतो.

शेवटी तोंड किती उघडते ते पाहावे. आपलीच तीन बोटे एकावर एक उभी धरली असता ती समोरच्या दातांमध्ये मावली पाहिजेत. प्रौढांमध्ये हे अंतर बहुधा 40 मिलिमीटर किंवा त्याहून अधिक असते. आपल्याकडे सुपारी आणि गुटखा खाणाऱ्यांनी ही मोजणी दर महिन्याला करावी, कारण सुपारीमुळे गालाच्या आतले अस्तर ताठ होत जाते आणि सांधा धड असूनही तोंड उघडेनासे होते. वेदनेविना येणारा आवाज बहुधा निरुपद्रवी असतो. परंतु दुखत असेल, जबडा अडकत असेल किंवा तीनऐवजी दोनच बोटे मावत असतील, तर दंतवैद्याकडे जाण्यास उशीर करू नये.