जागा विकली, पण विहिरीकडची पट्टी मोकळी राहिली – माझा अनुभव

मुलुंडला घराशेजारचा तुकडा विकायचा होता, पण विहिरीच्या बाजूची पट्टी कायम मोकळी राहावी ही बाबांची फार इच्छा. घेणारा म्हणाला शब्द देतो, पण उद्या त्याने पुढे विकली तर?

वकीलताईंनी मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ उघडला. कलम ११ प्रमाणे विकलेल्या जागेवर नुसती 'बांधायचं नाही' ही अट टिकत नाही, पण विकणाऱ्याकडे उरलेल्या जागेच्या फायद्यासाठी असेल तर टिकते, सगळी मेख इथेच आहे. म्हणून खरेदीखतात दोन्ही जागांचे सीटीएस नंबर (सिटी सर्व्हेतले जागेचे क्रमांक) टाकले, नकाशात पट्टी लाल रंगवली, आणि आमच्या राहत्या घराच्या उजेड-वाऱ्यासाठी तिथे पक्कं, कच्चं, पत्र्याचं कसलंच बांधकाम नाही असं लिहून घेतलं. मोघम अजिबात ठेवू नका प्लीज. मग रजिस्ट्रेशन, ते तर हवंच, कारण कलम ४० नुसार पुढच्या खरेदीदाराला अटीची माहिती असेल तरच ती त्याला लागू होते, आणि नोंदलेल्या खतातली अट माहीत नव्हती म्हणणं फार अवघड जातं.

तुकडा पुढे विकला गेलाच. नवीन मालक पत्रे टाकायला लागला, आम्ही नोटिशीसोबत खत आणि नकाशाची कॉपी पाठवली, आणि त्याने पत्रे उतरवले.