बारावीनंतर डिग्रीवर पैसे घालायच्या आधी काय काय बघाल (ठाणे-नवी मुंबईवाल्यांसाठी)

निकाल लागला की घरोघरी तेच सुरू होतं, बाबा म्हणतात ग्रॅज्युएट तर व्हायलाच पाहिजे आणि पोरगं म्हणतं डिग्रीला आता विचारतंय कोण. दोघांचंही अर्धं बरोबर आहे, त्यामुळे भांडण नंतर करा, आधी नोकरीच्या जाहिराती उघडून बसा.

एमपीएससी राज्यसेवा, बँक पीओ इथे पदवीशिवाय भागतच नाही, पण कुठल्या कॉलेजची याच्याशी कुणाला काही देणंघेणं नाही. मग तिथेच जायचं असेल तर अनुदानित कॉलेजात साधं बीए-बीकॉम करा, नाहीतर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहेच, लाखो रुपये कशाला घालवायचे? ऐरोली-महापेच्या आयटी कंपन्यांत जायचंय तर डिग्रीने फार तर इंटरव्ह्यूपर्यंत पोचाल, पुढचं सगळं तुम्हाला काम काय येतं त्यावर.

आता कॉलेज. ब्रोशरवरचं हायेस्ट पॅकेज वाचूच नका, ते एकाच पोराचं असतं. ऑफिसात सरळ विचारा, गेल्या वर्षी प्लेसमेंटला नावं किती जणांनी दिली, ऑफर किती जणांना आली आणि पगारांची रांग लावली तर बरोबर मधल्या पोराला किती मिळाला. गोलमोल बोलायला लागले की समजून जा. मग गेटबाहेर वडापावच्या गाडीवर टीवायची (तिसऱ्या वर्षाची) पोरं उभी असतात त्यांना गाठा आणि ओजेटी, म्हणजे कोर्समधलंच प्रत्यक्ष कामाचं ट्रेनिंग, कुठे केली ते विचारा. नवीन शैक्षणिक धोरणात ऑन जॉब ट्रेनिंगला क्रेडिट आहेत म्हणून करून सगळेच घेतात, पण कुठे काकांच्या दुकानाचं लेटर आणलं तरी चालतं आणि कुठे खरंच सीए फर्ममध्ये नाहीतर लॅबमध्ये बसवून काम करून घेतात. माझ्या मते कॉलेज निवडायला एवढा एक प्रश्न पुरतो.

बीएमएस-बीबीएला २०२४ पासून सीईटी (प्रवेश परीक्षा) आली, तर काही कॉलेजांनी तसाच कोर्स बीकॉमच्या नावाखाली सुरू केला. वाईट नाही, फक्त डिग्रीवर नाव काय छापून येणार ते आधी विचारून घ्या.

तीन वर्षांनंतरचं चौथं, ऑनर्सचं वर्ष रिसर्च किंवा परदेशी मास्टर्सचा विचार असेल तरच करा. नवी मुंबई विमानतळाजवळ परदेशी विद्यापीठांच्या कॅम्पससाठी एज्युसिटी होतेय, जून २०२५ मध्ये यॉर्क, ॲबरडीन वगैरे पाच विद्यापीठांना लेटर ऑफ इंटेंट (प्राथमिक होकाराचं पत्र) पण दिलं, पण फी कळल्याशिवाय त्यासाठी ड्रॉप घ्यायचं खूळ डोक्यात घेऊ नका.

आणि घरात मुलगी असेल, ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसीत असाल आणि वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर २०२४-२५ पासून व्यावसायिक कोर्सची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, मात्र ॲडमिशन कॅप राउंडमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून) पाहिजे, मॅनेजमेंट कोट्याला नाही. उत्पन्नाचा दाखला निकालाआधीच काढून ठेवा, नंतर तहसीलला आणि सेतूत पाय ठेवायला जागा नसते.