हिवरे बाजारला ग्रुप घेऊन जायचंय? मग हॉलमध्ये नाही, डोंगरावरून सुरुवात करा

पाणलोटाची कामं (म्हणजे पावसाचं पाणी अडवून जिरवण्याची) आणि शेती बघायला म्हणून जे ग्रुप जातात त्यांचा दिवस साधारण ठरलेला असतो, बस गावात पोचते, हॉलमध्ये तासभर माहिती, मग कमानीपाशी ग्रुप फोटो, जेवण आणि परत. डोंगरावर कोणी चढतच नाही. आणि खरं काम सगळं तिकडे आहे! म्हणून एकच सांगणं आहे, पाणी ज्या वाटेने खाली येतं त्याच वाटेने तुम्ही खाली या, आधी माथा, मग उतार, मग ओढा, मग विहीर आणि शेवटी शेत. बाकीचं नियोजन त्याभोवती बसवा.

गाव कुठलं घ्यायचं याला बरेच पर्याय आहेत, पण पहिल्यांदा जात असाल तर हिवरे बाजारच घ्या. नगरपासून (आता अहिल्यानगर) साधारण १७ किलोमीटर, पुण्याहून सकाळी सहाला निघालात तर नऊ-साडेनऊपर्यंत पोचता. पर्जन्यछायेतलं गाव, पाऊस सरासरी ४०० मिलिमीटरच्या आसपास, तोही काही वर्षं दगा देतो. १९७२ च्या दुष्काळानंतर गावाची पार वाताहत झाली होती, १९८९ ला पोपटराव पवार सरपंच झाले आणि तिथून कामाला सुरुवात झाली. १९९५ ला १६८ कुटुंबं दारिद्र्यरेषेखाली होती, २०१० पर्यंत ती ३ वर आली. हे आकडे बसमध्येच सांगून टाका म्हणजे गावात गेल्यावर वेळ बघण्यात जातो.

कधी जायचं? सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर, तेव्हा डोंगरावरचे चर पाण्याने भरलेले असतात, गवत कमरेएवढं असतं आणि बंधाऱ्यात पाणी दिसतं. पण माझं स्पष्ट मत आहे की काम किती टिकलंय ते मे महिन्यातच कळतं, तेव्हा शक्य असेल तर त्याच ग्रुपने वर्षात दोनदा जावं. १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर असे दिवस टाळा, ग्रामसभेची गडबड असते, तुमच्याकडे बघायला कोणाला वेळ नसतो. ग्रामपंचायतीला महिनाभर आधी पत्र द्या, किती माणसं, कोण आहेत, काय बघायचंय ते नीट लिहा, आणि "डोंगरावर पायी जायचंय, सोबत माहीतगार माणूस हवा" हे वाक्य त्यात नक्की टाका, नाहीतर थेट हॉलमध्येच नेतात. ग्रुप तिशीच्या वर नको, उतारावर मागच्यांना काहीच ऐकू येत नाही.

कपड्यांचं नीट बजावून सांगा, पूर्ण पँट आणि बूट. कुसळी गवताची कुसळं सॉक्समध्ये अशी घुसतात की चालणं मुश्किल होतं. टोपी आणि प्रत्येकी दोन लिटर पाणी. गाव सोडलं की बायकांसाठी टॉयलेटची सोय नाही, म्हणून चढायच्या आधीच थांबा घ्या.

आता माथ्यावर. तिथे समपातळी चर दिसतील, म्हणजे पाणी अडवायला उताराला आडवे, एकाच पातळीत खोदलेले, लोक सरळ सीसीटी (कंटिन्युअस कंटूर ट्रेंच) म्हणतात, साधारण दोन फूट रुंद आणि फूटभर खोल. जुने चर गाळाने भरून गवताखाली गेलेले असतात, ते शोधायला लावा, मजा येते. मग हे सगळे चर एका पातळीत कसे आखले असतील हे विचारा आणि उत्तर न देता ए-फ्रेम बनवायला घ्या. सारख्या लांबीच्या दोन काठ्या वर एकत्र बांधायच्या, मधे एक आडवी काठी, वरच्या टोकातून दोरी सोडून तिला दगड बांधायचा, झाला ओळंबा. उभी करून दोरी आडव्या काठीला जिथे टेकते तिथे खूण करा, मग दोन्ही पाय त्याच जागांवर अदलाबदल करून ठेवा आणि दुसरी खूण करा, दोन्ही खुणांच्या बरोबर मधे दोरी आली की दोन्ही पाय एका पातळीत. असं एक एक पाऊल पुढे सरकत चुन्याची रेघ ओढत गेलं की कंटूर, म्हणजे एकाच उंचीवरून जाणारी रेषा, डोळ्यासमोर उभी राहते. काठ्या घरूनच न्या, तिथली झाडं तोडू नका, त्या गावात कुऱ्हाडबंदी आहे!

दुसरा प्रयोग अजून सोपा आहे. पीव्हीसी पाईपचे वीतभर लांबीचे दोन तुकडे घ्या, एक गवतात आणि एक पायवाटेवर, दोन बोटं आत जाईल एवढे दाबा, दोन्हीत अर्धा-अर्धा लिटर पाणी ओता आणि मोबाईलवर वेळ लावा. गवतातलं पाणी बघता बघता जिरतं आणि पायवाटेवरचं तसंच उभं राहतं, यानंतर चराईबंदी का केली हे समजावत बसावं लागत नाही. तिथे गुरं मोकळी सोडत नाहीत, गवत कापून न्यायचं, त्यातून गुरं वाढली, दूध वाढलं आणि शेणखत परत शेतात आलं.

उतरताना दगडी बांध, माती नाला बांध, सिमेंट बंधारा, पाझर तलाव असा क्रम लागतो. प्रत्येकाचा फोटो काढत बसू नका, एकाच बंधाऱ्यापाशी थांबून हिशोब करा. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर, म्हणजे ४०० मिलिमीटरला ४० लाख लिटर, आणि गावाचं क्षेत्र पावणेदहाशे हेक्टरच्या आसपास, म्हणजे गावावर वर्षाला साधारण ३९० कोटी लिटर पाणी पडतं. कमी पावसाच्या गावात एवढं! यातलं काही उडून जातं, काही वाहून जातं, उरलेलं कोणी किती वापरायचं ते गाव बसून ठरवतं, यालाच पाण्याचा ताळेबंद म्हणतात. २००४ पासून हे चालू आहे, पर्जन्यमापकावर पाऊस मोजायचा आणि त्यावरून रब्बीला काय घ्यायचं ते ठरवायचं. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस-केळीसारखी पिकं नकोत हे नियम त्याच्यासोबतच येतात. बंधारे महाराष्ट्रात गावोगावी आहेत हो, पण उपसा आवरला नाही म्हणून मार्चमध्येच टँकर लागणारी गावंही तेवढीच आहेत, म्हणून प्रश्न विचारायचेत ते नियमांचे विचारा. कोणी मोडला तर काय करता? भाऊ वेगळे झाले की पाण्याचं कसं? शेततळं पावसाने भरतं की विहिरीतून उपसून? हा शेवटचा प्रश्न कुठल्याही गावात विचारा, उपसून भरलेलं तळं म्हणजे जमिनीतलं पाणी उन्हात ठेवणं.

शेतावर जाताना मालकाला आधी विचारलेलं असावं, वाफ्यात पाय पडू देऊ नका. दोन शेतांतली ढेकळं घ्या, एक भरपूर शेणखताच्या जमिनीतलं आणि एक फक्त रासायनिक खतावरचं, पाण्याच्या दोन ग्लासात सोडा आणि कुठलं आधी विरघळतं ते बघा. कांद्याला पाण्याच्या किती पाळ्या देता, ठिबक कधी बसवलं, ज्वारीचा कडबा विकता की ठेवता, असे प्रश्न विचारले की शेतकरी दादा-ताई मोकळेपणाने बोलतात, "सेंद्रिय करता का" एवढंच विचारलं तर एका शब्दात उत्तर येतं.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते, सीड बॉल (मातीच्या गोळ्यात भरलेलं बी) फेकायचा कार्यक्रम ठेवू नका. नगर, सोलापूरकडचे माळ म्हणजे उजाड जमीन नाही, ती गवताळ रानं आहेत, काळवीट आणि माळढोक तिथलेच, पवन्या-मारवेलसारखी गवतं तिथली. तिथे कुठलीतरी बियाणं टाकून जाणं म्हणजे जे आहे ते बिघडवणं.

दोन दिवस असतील तर दुसऱ्या दिवशी राळेगण सिद्धी करण्यापेक्षा अकोले तालुक्यात कोंभाळण्याला जा असं मी म्हणेन, राहीबाई पोपेरे यांची गावरान बियाण्यांची बँक तिथे आहे, वालाचे नि घेवड्याचे किती रंग असतात ते बघून मुलं थक्क होतात. तिथेही आधी कळवूनच जा.

जेवण बचत गटाकडेच सांगा, पिठलं-भाकरी, ठेचा, आणि आकडा दोन दिवस आधी पक्का द्या, ड्रायव्हरसकट. सोबत आलेल्या माणसाचा अर्धा दिवस गेलेला असतो, त्याचे पैसे खर्चात आधीच धरा, निघताना वर्गणी काढत बसू नका. परतल्यावर आठवडाभरात तुमच्या नोंदी आणि फोटो ग्रामपंचायतीला पाठवा. आणि मेमध्ये परत जाणार असाल तर पत्र मार्चमध्येच द्या, पुढे लग्नसराई सुरू झाली की गावात सोबतीला माणूस मिळणं अवघड जातं.