जुनं मनगटी घड्याळ: मशीन उघडा, डायल सोडा

जुनं घड्याळ हातात आलं की पहिला मोह पॉलिशचा होतो, आणि बहुतेक घड्याळांची वाट तिथेच लागते. मशीन आणि चेहरा यांचे नियम वेगळे आहेत. आतलं तेल सुकलं असेल तर सर्व्हिसिंग हवंच, कारण कोरडं घड्याळ चालवलं की चाकांचे पिव्हट (आसाची बारीक टोकं) झिजतात. डायलवरच्या पिवळेपणाने मात्र काहीच बिघडत नाही.

आधी तिरप्या उजेडात डायलचे आणि लगच्या (केसची पट्टा अडकवायची टोकं) कडांचे फोटो काढा. मग पूर्ण चावी भरून, डायल वर ठेवून टाइमग्राफरवर (टिकटिक ऐकून घड्याळाची चाल मोजणारं यंत्र) बघा. त्यात लिफ्ट अँगल, म्हणजे त्या मशीनचा ठरलेला कोन, नीट भरा (बऱ्याच मशीनचा ५२ अंश असतो), नाहीतर आकडा खोटा येतो. ॲम्प्लिट्यूड (बॅलन्स चाकाचा झोका) २७० ते ३०० अंश म्हणजे उत्तम, जुन्या मशीनला २५० चालतं, २०० च्या खाली गेलं तर खोलायचं. घड्याळ अचानक खूप पुढे पळायला लागलं असेल तर आधी डीमॅग्नेटाइझ करा, म्हणजे त्यात शिरलेलं चुंबकत्व काढा. अनेकदा तेवढ्यावर भागतं.

खोलताना क्लिक (चावी उलटी सुटू न देणारा खटका) मागे धरून चावी हळूहळू उतरवा. भरल्या चावीवर पॅलेट फोर्क (चाकांना टिकटिक थांबवत सोडणारा काटेरी तुकडा) काढला तर चाकं भरधाव सुटतात आणि पिव्हट मोडतो. फोर्क अल्कोहोलमध्ये बुडवू नका, त्याचे खडे शेलॅकने (अल्कोहोलमध्ये विरघळणारी लाख) बसवलेले असतात, पेट्रोलियम बेंझिन वापरा. तेल: वेगवान चाकांना मोबियस (घड्याळाच्या तेलाचा ब्रँड) ९०१०, संथ चाकांना जाड एचपी १३००, पॅलेटच्या खड्यांना ९४१५. फोर्कचे पिव्हट कोरडेच ठेवायचे. जास्त तेल घातलं तर ते ज्वेलबाहेर (पिव्हट फिरतो तो खडा) पसरतं आणि पिव्हट कोरडा पडतो, हे नवशिक्यांना पटत नाही. मेनस्प्रिंग (चावीने गुंडाळली जाणारी मुख्य स्प्रिंग) थकली असेल तर उंची, जाडी, लांबी मोजून नवी घाला. इथे मूळपणाचा आग्रह धरण्यात अर्थ नाही, ती कुणाला दिसत नाही.

डायल साफ करायचा विचार डोक्यातून काढा. छपाई लॅकरच्या वर असते. ओला कापूस एकदा फिरवला की मिनिटांच्या रेघा बोळ्यावर येतात. धूळ फुंकणीने उडवा, फार तर रोडिकोने (घड्याळजींची चिकट पुट्टी) हलकेच टिपा. रंगवलेला डायल जाणकार लगेच ओळखतो: अक्षरं जाड, आणि मिनिटांच्या रेघा तासाच्या खुणांशी जुळत नाहीत. किंमत तिथेच पडते. रंगाचे पोपडे सुटून मशीनमध्ये पडत असतील तरच डायल बदला, तोही त्याच मॉडेलचा मूळ शोधून.

पण साधारण १९७० च्या आधीच्या, अंधारात चमकणारा रंग लावलेल्या डायलवर फुंकणीही नको. त्यावर रेडियम असू शकतं. काट्यांखाली भाजल्यासारखा तपकिरी डाग ही त्याची खूण. अंधारात चमकत नाही म्हणून ते संपलं असं समजू नका. थकतो तो चमकणारा झिंक सल्फाइड. रेडियमचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं आहे. त्याची पूड श्वासातून आत जाणं हा खरा धोका, म्हणून खरवडणं साफ बंद. डायलच्या तळाशी 'टी' अक्षर असेल तर ट्रिटियम. त्याचं अर्धायुष्य १२.३ वर्षं, त्यामुळे ते बहुतेक विझलेलंच असतं. काट्यातला चमकता रंग सुटत असेल तर काटे न बदलता मागून लॅकरचा पातळ थर द्या. तपकिरी डायलवर हिरवे नवे काटे विजोड दिसतात.

केसला बफिंग लागलं की लगच्या धारदार कडा गोल होतात आणि पुन्हा येत नाहीत. सोन्याचा मुलामा १० किंवा २० मायक्रॉनचा, बफखाली पितळ उघडं पडतं. मशीन काढून कोमट साबणपाणी आणि मऊ ब्रश, बस. ॲक्रिलिक काच मात्र खुशाल पॉलिश करा. जुन्या ओमेगाच्या काचेच्या मध्यभागी बारीक चिन्ह कोरलेलं असतं, तशी काच बदलण्याआधी भिंगातून बघा. गॅस्केट (पाणी अडवणारी रबरी कडी) नवीच हवी, तरी घड्याळ पाण्यापासून लांब ठेवा.

घड्याळजीकडे देताना पावतीवर लिहून घ्या: केसला पॉलिश नको, डायलला हात नको, बदललेले सगळे भाग परत हवेत. क्राऊन (चावी भरायचं बटण) आणि काटे परत आले की डबीत घालून घड्याळासोबतच ठेवा.