घरच्या टेलिफोन लाइनवर जास्त वेगाचे ब्रॉडबँड चालेल का, हे कसे तपासावे

सांगली, मिरज किंवा कुपवाडमध्ये ज्यांच्या घरी तांब्याच्या तारेची लँडलाइन अजून चालू आहे, त्यांना इंटरनेटचा वेग अपुरा पडू लागला की पहिला विचार सुचतो तो मोठा प्लॅन घेण्याचा. तसे करण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. प्लॅनमध्ये लिहिलेला वेग ही वरची मर्यादा असते; प्रत्यक्षात किती वेग मिळेल हे टेलिफोन कंपनीच्या एक्स्चेंजपासून आपल्या घरापर्यंत आलेली तारांची जोडी ठरवते. या जोडीची ताकद घरीच तपासता येते आणि त्यासाठी तंत्रज्ञ असण्याची गरज नाही.

बोलण्याचा आवाज या तारेवरून 4 किलोहर्ट्झच्या आत जातो आणि इंटरनेटचा डेटा त्याच तारेवरून 25 किलोहर्ट्झच्या पुढे वाहतो. टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट देण्याच्या जुन्या एडीएसएल पद्धतीत तो सुमारे 1.1 मेगाहर्ट्झपर्यंत, तर तिच्या सुधारित एडीएसएल2प्लस पद्धतीत 2.2 मेगाहर्ट्झपर्यंत जातो. कंपनसंख्या जितकी जास्त, तितका संकेत तांब्यात लवकर क्षीण होतो. त्यामुळे एडीएसएल2प्लसची कमाल मर्यादा 24 एमबीपीएस असली, तरी ती एक्स्चेंजला लागून असलेल्या घरांनाच जवळपास गाठता येते. तीन किलोमीटरवर आठच्या आसपास आणि पाच किलोमीटरवर जेमतेम एक-दोन एमबीपीएस वेग मिळतो. हे अंतर नकाशावरचे सरळ अंतर नसून केबल ज्या रस्त्यांनी फिरून आली आहे त्याचे असते.

तपासणीची सुरुवात कानाने करावी. फोनचा रिसीव्हर उचलून कोणताही एक अंक दाबावा, म्हणजे डायल टोन बंद होईल. त्यानंतरच्या काही सेकंदांत लक्ष देऊन ऐकावे. निरोगी लाइनवर या वेळी जवळजवळ पूर्ण शांतता असते. खरखर, चरचर किंवा सततची गुणगुण ऐकू आली, तर कुठेतरी जोड सैल झाला आहे, तार गंजली आहे किंवा केबलमध्ये ओल शिरली आहे, असे समजावे. सांगलीकरांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. 2005, 2019 आणि 2021 च्या महापुरांत कृष्णेचे पाणी गावभागासारख्या सखल वस्त्यांत शिरले होते, आणि जमिनीखालच्या जोडांत एकदा पाणी गेले की पूर ओसरल्यावरही ओल तिथेच राहू शकते. अशा लाइनवर बोलणे चालून जाते, पण इंटरनेट पावसाळ्यात पुन्हा पुन्हा तुटते.

त्यानंतर घरातली वायरिंग पाहावी. जुन्या वाड्यांत आणि बंगल्यांत एकाच लाइनवरून स्वयंपाकघर, माडी आणि पुढची खोली अशी समांतर जोडणी केलेली आढळते. वापरात नसलेला प्रत्येक फाटा संकेत परतवतो आणि वेग कमी करतो. म्हणून बाहेरून आलेली ड्रॉप वायर ज्या पहिल्या डबीत उतरते, तिथे बाकीचे सगळे फोन काढून फक्त राउटर एका आखूड, चांगल्या वायरने जोडावा आणि वेग पुन्हा मोजावा. फरक पडला, तर दोष घरातला आहे आणि तो थोड्या खर्चात दूर होतो: आवाज आणि डेटा वेगळा करणारा स्प्लिटर त्या पहिल्या डबीपाशीच बसवावा, राउटरही तिथेच ठेवावा आणि फोनसाठी पुढे वेगळी तार न्यावी. खांबावरचा डीपी बॉक्स, म्हणजे जिथून घराघरांच्या तारा फुटतात ती पेटी, मात्र स्वतः उघडू नये.

सर्वांत महत्त्वाची माहिती राउटरमध्येच असते. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकावा. बहुतेक वेळा तो 192.168.1.1 असतो आणि राउटरच्या मागच्या बाजूला छापलेलाही असतो. आत गेल्यावर डीएसएल स्टेटसचे पान उघडून तीन आकडे लिहून घ्यावेत. पहिला लाइन अ‍ॅटेन्यूएशन, म्हणजे वाटेत संकेत किती क्षीण झाला याचे डेसिबलमधले माप. ढोबळ मानाने दर किलोमीटरला 13 ते 14 डेसिबल घट धरावी, म्हणजे 28 हा आकडा साधारण दोन किलोमीटरची तार दाखवतो. तीसच्या आत असेल तर चांगले. साठच्या पुढे असेल तर या तारेकडून फारशी अपेक्षा ठेवू नये. दुसरा आकडा एसएनआर मार्जिन, म्हणजे गोंगाटात जोडणी टिकायला लागते त्याहून संकेत किती डेसिबल वर आहे याचे माप; तो सहाच्या खाली गेला की जोडणी डळमळू लागते. तिसरा अटेनेबल रेट, म्हणजे आजच्या स्थितीत ही लाइन जास्तीत जास्त किती वेग पेलेल याचा राउटरचा अंदाज. हे आकडे एकदा सकाळी आणि एकदा रात्री पाहावेत, कारण रात्री आजूबाजूच्या जोड्यांवरचा वापर वाढल्याने मार्जिन घटू शकते.

आता निर्णय सोपा होतो. अटेनेबल रेट सध्याच्या प्लॅनपेक्षा बराच जास्त असेल, तर मोठा प्लॅन घेण्यात अर्थ आहे. अ‍ॅटेन्यूएशन कमी असूनही मार्जिन वाईट असेल, तर दोष अंतराचा नसून जोडांचा आहे. तक्रार नोंदवताना हे आकडे सांगावेत आणि त्याच केबलमधली दुसरी जोडी देता येईल का, हे लाइनमनला विचारावे. कोणता जोड दरवर्षी भिजतो हे त्याला माहीत असते, आणि नेमका आकडा हातात असला की त्याचेही काम हलके होते. अ‍ॅटेन्यूएशनच जास्त असेल, तर मात्र दुरुस्तीने काही साधणार नाही. तिथे तांब्यावर आणखी खर्च न करता घरापर्यंत येणारे फायबर मागावे, असे माझे स्पष्ट मत आहे. फायबरवर वीस किलोमीटरपर्यंतचे अंतर सहसा आड येत नाही, आणि जुना नंबर कायम ठेवता येईल का, हे अर्ज करतानाच विचारून घ्यावे.

फायबर घेणाऱ्यांनी, विशेषतः ज्यांच्या घरी वडीलधारी मंडळी एकटी असतात त्यांनी, आणखी एक तजवीज करावी. तांब्याच्या लाइनला एक्स्चेंजकडून वीज मिळत असल्याने, घरातली वीज गेली तरी साधा फोन चालू राहतो. फायबरचा फोन घरात फायबर जिथे येऊन जोडले जाते त्या ओएनटी यंत्रावर चालतो आणि वीज जाताच बंद पडतो. म्हणून त्या यंत्राच्या अ‍ॅडॉप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर पाहून त्याला जुळणारा छोटा यूपीएस जोडणीच्या वेळीच बसवून घ्यावा.